बदलापूरच्या हॉलमधली होडी

चित्रकलेची पदविका हातात पडली तेव्हा वाटलं होतं, आता लोक गॅलरीत उभे राहून माझी चित्रं बघतील. प्रत्यक्षात ती टांगली गेली उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका फ्रेमच्या दुकानात, आरसे आणि भिंतीवरची घड्याळं यांच्या मधे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंबरनाथला वडिलांच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमधे, मागच्या गॅलरीत बसून मी ऑइल कलरमधे समुद्रकिनारे रंगवायचे. समुद्र गाडीनं दीड तासावर. टर्पेंटाइनच्या वासानं आई कावायची. "आमटीला तुझ्या समुद्राचा वास येतोय," म्हणायची.

दुकानाचे मालक साठीतले सिंधी गृहस्थ. सगळे त्यांना साईं म्हणत, मीही म्हणायचे. लोक समुद्रच का मागतात, असं मी एकदा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बेटी, यहाँ सबका कमरा छोटा है. दीवार पे समंदर हो तो बडा लगता है." पदविकेच्या पाच वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

एका शनिवारी साईंचा निरोप आला, ताबडतोब ये. गेले तर काउंटरपाशी एक काकू उभ्या. बदलापूरला नवा फ्लॅट घेतलेल्या. सोनिवलीकडचं शेतीवालं घर, पण मिस्टर आता नोकरीत. महिन्यापूर्वी त्यांनी माझं चार फुटी चित्र नेलं होतं.

"तुम्हीच काढलं का ते? अहो, होडीचं तोंड दाराकडे आहे!"

"मग?"

"मग काय? होडी घराबाहेर चाललीय. आमच्या नणंदेनं दाखवलं. घरातली लक्ष्मी बाहेर चालली म्हणे. आणि उद्या चार वाजता मुलीला बघायला येतायत."

समोरच्या भिंतीवर लावा, असं मी सुचवलं. तिथे शोकेस होतं. चित्र भिंतीला स्क्रूनं पक्कं बसवलेलं, सुतार गावाला गेलेला. साईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं म्हटलं, "उद्या घरी येऊन होडी फिरवून देते."

रात्री जेवताना वडिलांना सांगितलं. आम्ही बौद्ध. शकुन-अपशकुनाचा विषय निघाला की वडिलांना चेव यायचा. ते म्हणाले, "उलटी होडी काढून त्यांच्या अंधश्रद्धेला खतपाणी घालू नकोस." मग जरा थांबून म्हणाले, "पण मुलीचं लग्न आहे. जा, फिरवून ये."

रविवारी दुपारी बारालाच मी ब्रश आणि रंगांची पेटी घेऊन बदलापूरला पोचले. हॉलमधे स्टूल ठेवून वर चढले. जुना रंग वाळला होता, त्यामुळे वरून रंगवणं सोपं होतं. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, होती तिथे मागची बाजू केली, मागची बाजू होती तिथे नाळ. शीड मात्र तसंच ठेवलं. त्याच्यावर मी रंग थापायच्या नाइफनं जाड पांढरा रंग चढवला होता, तो खरवडायला दुसरा दिवस लागला असता. काकू खालून सूचना देत होत्या. "अजून थोडी आत वळवा. देवघराकडे येऊ द्या."

मधेच त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एक सांगू? बायोडेटात मुलीची आवड म्हणून चित्रकला लिहिलीय. हे चित्र तिनंच काढलंय असं आम्ही सांगणार आहोत. तुम्ही तीनपर्यंत निघा, हं."

मुलगी आतल्या दारात उभी होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

पाहुणे अडीचलाच आले. गाडी चुकेल म्हणून त्यांनी आधीची पकडली होती. दार उघडंच होतं. काकू स्वयंपाकघरात पोहे भिजवत होत्या आणि मी स्टुलावर, केसांना रुमाल बांधून, गालावर तपकिरी रंग. मुलाची आई, वडील, मागे खुद्द मुलगा. तिघं मला न्याहाळत राहिले.

मुलाची आई नवऱ्याला म्हणाली, "उंची चांगली आहे हो."

"अगं, स्टुलावर आहे ती."

"अंगात कला आहे. आणि बघा, पाहुणे यायच्या दिवशीसुद्धा बसून राहिलेली नाही!"

मी उतरायला गेले तर स्टूल डगमगलं. मुलगा धावत आला आणि त्यानं स्टूल धरलं. त्याची आई खूश. मी "अहो, मी ती नाही" म्हणेपर्यंत काकू बाहेर आल्या. त्यांच्या हातातून पोह्यांची चाळणी तेवढी पडायची राहिली.

सगळे कसेबसे बसले. काकूंनी मला "ही आमची शेजारीण, मदतीला आली होती" असं सांगून टाकलं. मुलीला बाहेर बोलावलं, चित्र हिनंच काढलंय म्हणून सांगितलं. मुलाचे वडील वसईजवळच्या किनाऱ्यावरचे, उभा जन्म होड्यांत गेलेला. त्यांची नजर चित्रावरून हटेना. ते उठून जवळ गेले आणि होडीवर बोट ठेवून मुलीला म्हणाले, "पोरी, छान काढलंयस. पण शीड असं मागे फुगलंय म्हणजे वारा समोरून आहे. ही होडी तोंड करून बसलीय आत, पण जाणार मागे मागे. बाहेरच."

काकूंचा चेहरा पाहवत नव्हता. महिनाभर लक्ष्मी सरळ बाहेर जात होती, आता ती पाठमोरी जाणार होती.

मुलगी म्हणाली, "काका, मी नाही काढलं. या ताईंनी काढलंय. मला सरळ रेघसुद्धा येत नाही."

तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी विचारात पडून नाक चोळलं. बोटाला ओला रंग होता, नाकाचा शेंडा तपकिरी झाला. सगळ्यांना दिसलं. त्यांची बायको छताकडे बघू लागली, मुलगा पायांकडे. मी तर भिंतीत शिरायच्या बेतात होते.

"काका, नाकाला होडी लागलीय," मुलगी म्हणाली, आणि माझ्याकडची टर्पेंटाइनची चिंधी मागून घेऊन त्यांना दिली.

ते इतके हसले की खोकला लागला. "खरं बोलणारी आहे," बायकोला म्हणाले, "आपल्या घरात एक तरी हवी." लग्न वैशाखात झालं. मला आमंत्रण होतं, मुलाकडून.

लग्नातच त्या होडीवाल्या काकांनी मला बजावलं, "एकदा आमच्याकडे या. शीड कसं भरतं ते दाखवतो." थंडीत मी दोन दिवस गेले. शेकडो होड्या रंगवलेली मी जन्मात पहिल्यांदा होडीत बसले आणि पाचव्या मिनिटाला होडीच्या कडेवरून वाकून सगळा नाश्ता समुद्राला देऊन टाकला. काका सुकाणूवरून ओरडले, "इकडे बघा, इकडे! शीड बघा!" मी काही बघू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी जमिनीवरूनच चित्र करायचं ठरवलं. इझल मांडलं तर ओहोटी. पाणी पार लांब गेलेलं, समोर नुसता चिखल, राखाडी, जांभळा, मधेच चांदीसारखी चमक, आणि कालवं वेचणाऱ्या दोन बायका. मी तेच रंगवलं. त्यात निळा रंग जवळपास लागलाच नाही.

साईंनी ते चित्र आडवं धरलं, उभं धरलं. "बेटी, इसमें समंदर कहाँ है?"

"गया है साईं. आयेगा."

त्यांनी मान हलवली आणि ते आरशांच्या मागे, कोपऱ्यात टांगलं. चार-पाच महिने कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग एकदा मी दुकानात असताना एक म्हातारे गृहस्थ आले. फोटोला नवी काच बसवायची होती. काच कापून होईपर्यंत ते इकडेतिकडे फिरत होते, ते त्या चित्रासमोर थांबले.

"पाणी यायला अजून दोन तास आहेत," ते म्हणाले.

"आपको कैसे मालूम?" साईंनी विचारलं.

"मिठागरात जन्म गेला शेठ. चिखलाचा रंग बघून कळतं."

साईंनी चष्मा लावला आणि ते काउंटरमागून उठून चित्राजवळ आले. चित्र विकत घ्यायचं म्हाताऱ्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना फक्त बघायचं होतं. काच कापून तयार झाली तरी ते हलले नाहीत, आणि साईंनीही त्यांना हाक मारली नाही.