तांदळाच्या पोत्यांवर बसवलेला अ‍ॅक्सल

आमच्या गाडीला इंजिन नव्हतं. बाकी सगळं जुन्या अमेरिकी हॉट रॉड गाड्यांसारखं होतं: लांब नाक, उघडी पुढची चाकं, डोक्यावर टप नाही, आणि लालभडक रंग. सिंगापुरातल्या बुकित पंजांगच्या आमच्या वसाहतीत उतारावरून बिनइंजिनाच्या गाड्या सोडायची शर्यत जाहीर झाली, तेव्हा फॉर्मवर चालक म्हणून मी स्वतःचं नाव लिहिलं. मंडळाच्या सहली, गणपतीतल्या स्वयंसेवकांच्या पाळ्या, नात्यातली लग्नं, सगळ्यांच्या याद्या आजवर मीच केल्या. बसमध्ये कोण चढलं ते मोजत मी फुटपाथवर उभी असते. बावन्नाव्या वर्षी एकदा मला गाडीत बसायचं होतं.

अडथळा एकच. शर्यतीच्या आठ दिवस आधी चाचणी होती. उतारावरच्या दोन हंपांवरून, म्हणजे उंचवट्यांवरून, गाडी आपल्या पट्ट्यात सरळ आली नाही, तर गाडीही बाद आणि चालकही.

आम्ही तिघं होतो. पुण्यात पूर्वी यंत्रांची डिझाइनं करणारी माझी मैत्रीण, शेजारच्या ब्लॉकमधले चिनी अंकल आणि मी. अंकलनी आयुष्यभर लॉऱ्या दुरुस्त केलेल्या. त्यांच्या जुन्या मालकाने दर शनिवारी आपल्या गाळ्याचा एक कोपरा आम्हाला दिला. मैत्रीण पहिल्याच दिवशी दोन्ही पुढची चाकं स्वतंत्र हलतील अशी रचना काढून घेऊन आली. अंकलनी तो कागद उलटा केला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

“हॉट रॉड, वन अ‍ॅक्सल. टू पीस, नॉट हॉट रॉड लाह.”

म्हणजे एक सलग पोलादी नळी, दोन टोकांना दोन चाकं, वर आडवा टाकलेला एकच लवचीक पाटा. डावं चाक उचललं गेलं की उजव्यालाही त्याची खबर जाते. दिसायला सोपं, पण बसवताना क्रम चुकवून चालत नाही. मी यादी करून भिंतीला चिकटवली. आधी शर्यतीत असेल तेवढं वजन गाडीत ठेवायचं. मग पाटा किती दबतो ते मोजायचं. मग अ‍ॅक्सल किंचित मागे कलवायचा, म्हणजे वळवलेली चाकं आपोआप सरळ होतात. मग स्टिअरिंगचा दांडा आडवा, अगदी लेव्हलमध्ये. तो तिरका राहिला तर प्रत्येक उसळीला चाकांना स्वतःच वळवतो. शेवटी चाकांची तोंडं केसभर आत.

पहिल्याच ओळीला गाडीत माणूस हवा होता. पण मी आत बसले तर यादी कोण वाचणार आणि पट्टी कोण धरणार? मग घरातला तांदूळ आणला. दोन मोठी पोती, वर दोन लहान पिशव्या, बरोबर माझ्या वजनाएवढं. काट्यावर एकदा मोजलं आणि टिक केली.

पाच शनिवार काम मजेत चाललं. बाराच्या सुमाराला माझा नवरा राइस कुकर घेऊन यायचा आणि गाळ्यातच मसालेभात लावायचा. वासाने शेजारच्या गाळ्यांतली माणसंही प्लेट घेऊन हजर. अंकल दोनदा वाढून घ्यायचे.

चाचणीच्या आदल्या दिवशी गाळ्यामागच्या उतारावर मी पहिल्यांदा गाडीत बसले. हंप येईपर्यंत झकास. हंपावर गाडीने डावीकडे अशी मान टाकली, की मी कचऱ्याच्या डब्यापाशीच थांबले. दुसऱ्यांदाही तेच.

“अ‍ॅक्सल वाकलाय,” मैत्रीण म्हणाली.

अंकल गाडीपुढे उकिडवे बसले. “बॉस, यू सिट. डोन्ट मूव्ह.” मी बसले. “नाऊ गेट आउट. पुट राइस.” पोती ठेवली. मी बसले की दांडा तिरका, तांदूळ ठेवला की लेव्हलमध्ये. “राइस लाइट. यू हेवी.”

“सारखं आहे! यादीत आहे!” मी म्हणाले.

पोती काट्यावर चढवली. साडेआठ किलो कमी. एका मोठ्या पोत्याचा मागचा कोपरा उसवलेला होता. आम्ही तिघंही नवऱ्याकडे वळलो. तो कुकरचं झाकण हातात धरून उभा.

“अगं, मग इतके दिवस मी भात कशाचा करत होतो? घरात दाणा ठेवला होतास का?”

“म्हणजे आपण हिलाच खाल्लं,” मैत्रीण म्हणाली. “मसालेभातात घालून!”

मी तिचं वाक्य अंकलना इंग्रजीत सांगितलं. ते टायरवर बसून डोळे पुसेपर्यंत हसले. मी रागवायला तोंड उघडलं आणि मलाही हसू फुटलं. मोजलं होतं एकदा, टिक केली होती पाच वेळा. सगळ्या खुणा माझ्याच हातच्या.

आता तांदूळ नको, असं अंकलनी ठरवलं. मी आत बसायचं आणि यादी नवऱ्याने वाचायची. दुपारचे तीन तास मी स्टिअरिंग धरून नुसती बसून होते. आयुष्यात एवढं अवघड काम केलं नव्हतं.

“तीन. अ‍ॅक्सल किंचित मागे,” नवरा वाचत होता. “किंचित म्हणजे किती? लिहायचं की!”

“खाली लिहिलंय. सहा अंश.”

“हे सहा आहेत? मला शून्य वाटलं.”

“अहो, तुम्ही नुसतं वाचा, अर्थ लावू नका,” मैत्रीण गाडीखालून ओरडली. अंकलनी दांड्याचं टोक फिरवलं, लेव्हल ठेवली, पुन्हा फिरवलं, नट आवळला आणि माझ्या हेल्मेटवर पान्याने टकटक केलं. “ओके. नाऊ यू डोन्ट ईट टिल टुमॉरो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आमचा नंबर पुकारला गेला. मैत्रिणीने ढकललं आणि उतार सुरू झाला. पहिला हंप आला तशी मी बोटं आवळली. नाक उचललं गेलं, पाटा दबला, दोन्ही चाकं खाली आली, गाडी सरळ. दुसऱ्या हंपाला मी बोटं अगदी थोडी सैल केली. स्टिअरिंग थरथरलं आणि स्वतःच मधोमध येऊन थांबलं. बाजूला परीक्षकाने पास झाल्याचा हिरवा झेंडा वर केला. रेषा ओलांडताच ब्रेक दाबायचा, असा नियम होता.

मी तो जरा उशिराच दाबला.