मशीनमधल्या कुरडया

१९८६ साल. माझं वय अठ्ठेचाळीस. त्या वर्षी नाशिक रोडच्या आमच्या बिल्डिंगीत कपडे धुण्याचं मशीन पहिल्यांदा कुणाच्या घरी आलं, तर माझ्या. हे आजही कुणी नाकारत नाही. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, तीही मास्तरांनी पुढं ढकललं म्हणून. पण एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसमध्ये कोळशाचा पट्टा माझ्या बटणावर चालायचा. बॉयलरकडं जाणारा सगळा कोळसा त्या पट्ट्यावरून जातो. एवढं ज्याच्या बोटाखाली चालतं, त्याला दोन टपांचं मशीन काय जड?

नाशकातल्या द्वारका चौकातल्या दुकानातून टेम्पोत घालून आणलं. मी मागं उभा राहून, दोन्ही हातांनी कवटाळून आलो. दुकानदारानं माहितीचं पुस्तक दिलं होतं, सगळं इंग्रजीत. ते मी त्याला तिथंच परत केलं. म्हटलं, ठेव, दुसऱ्या कुणाला लागेल.

आमच्या बिल्डिंगीच्या मागं अंगण, अंगणात नळ आणि धुण्याचा दगड. सगळ्या घरांची धुणी तिथंच. सोड्यानं बायकोच्या हाताला भेगा पडायच्या, म्हणून मशीन घेतलं, हे खरं. पण घरात आल्यावर लक्षात आलं की हिला यंत्राची सवय नाही, हिच्या हातून बिघडेल. तेव्हा मशीन मीच चालवायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. सुट्टीच्या दिवशी मी खाकी कपडे चढवून मशीनपुढं उभा राहायचो. एका टपात कपडे घुसळायचे, दुसऱ्यात गरगर फिरवून पिळायचे. बायको स्टुलावर बसून बघायची. काम झालं की मशीन पुसायचं, दोन्ही झाकणं घट्ट लावायची आणि वरून जुन्या पडद्याचं शिवलेलं कव्हर घालून नाडी बांधायची. एकलहऱ्याची राख वाऱ्याबरोबर आमच्यापर्यंत यायची, वाळत घातलेल्या पापडांवर बसायची. ती मी माझ्या मशीनमध्ये जाऊ देणार नव्हतो.

मशीन आलं त्या दिवशी बघायला अख्खी बिल्डिंग जमली होती. तळमजल्यावर एक विधवा बाई राहायच्या, त्यांना सगळे आक्का म्हणायचे. त्यांची गॅलरी बरोबर धुण्याच्या दगडासमोर. त्यामुळं कोण काय धुतं आणि कसं धुतं, हे त्यांना पाठ. आक्कांनी विचारलं, "हे बिघडलं म्हंजी काय करायचं, भाऊ?"

मी म्हणालो, "बिघडलं तर मी नीट करीन. माझ्याशिवाय दुसऱ्याचा हात या मशीनला लागला, तर माझे कपडे मी ह्या दगडावर माझ्या हातानं धुवीन. सगळ्यांदेखत."

"मी हितंच हाय," आक्का म्हणाल्या. "कुठं जात नाय."

पुढं उन्हाळा आला आणि कुरडयांचे दिवस आले. ज्यांनी कुरडया फक्त खाल्ल्या आहेत त्यांच्यासाठी सांगतो. गहू तीन दिवस भिजत घालतात, तो चांगला आंबतो. मग तो वाटायचा आणि पाण्यात कालवून फडक्यातून पिळायचा. जो पांढरा चीक खाली येतो तो शिजवून कुरडया घालायच्या. यातलं पिळणं हे खरं मरण. त्या वर्षी बायको आणि आक्का आमच्या मोरीशी बसून पिळत होत्या आणि मनगटं धरून हाय हाय करत होत्या. मला ते बघवेना. मी म्हटलं, पिळायचंच आहे ना?

बायको म्हणाली, ते कपड्यांचं मशीन हाय. मी म्हटलं, पिळणं ते पिळणं, मशीनला काय कळतं सदरा आहे का गहू? वाटलेला गहू जुन्या धोतरात बांधला, गाठ मारली, पिळायच्या टपात ठेवला, खालच्या नळीचं तोंड पातेल्यात सोडलं आणि बटण फिरवलं. नळीतून पांढराशुभ्र चीक धो धो यायला लागला. दोघी गप्प. आक्का गप्प झालेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या. माझ्या आयुष्यात असे क्षण फार नाहीत, म्हणून हा नीट लिहून ठेवतो.

मग मशीन चालायला लागलं. म्हणजे पायांनी. धाडधाड करत मोरीकडं निघालं. मी वर बसलो तर मला घेऊन निघालं. आत गाठोडं फुटलं होतं. झाकण उघडलं तर गव्हाचा चोथा टपाच्या भिंतीला गिलावा केल्यासारखा बसलेला. दिसला तेवढा काढला, पाणी फिरवलं, झाकणं लावली, कव्हर चढवलं. कुरडया झाल्या. वाळून पांढऱ्या झाल्या. तळताना कढईत थोडा फेस आला आणि घरात साबणाचा वास सुटला, पण कुणी काही म्हणो, हलक्या झाल्या होत्या. सगळ्या मीच खाल्ल्या.

आठवडा गेला आणि मशीनला वास यायला लागला. आधी शिळ्या कणकेसारखा, मग आंबट, मग नाकाला झोंबणारा. मी म्हटलं, मोरीचा आहे. मोरीत फिनेल ओतलं. मोरी स्वच्छ झाली आणि वास जास्तच उठून दिसायला लागला. मग मी म्हटलं, उंदीर मेला असणार. कपाटं हलवली. उंदीर नाही सापडला, माझी हरवलेली वहाण सापडली. बायको प्रत्येक वेळी एकच सांगायची, "अहो, गव्हाचा वास हाय तो." मी म्हणायचो, गहू मी खाल्ला, तो आता कुठं आहे? तरी टपात डांबराच्या गोळ्या टाकल्या. धुण्याला आंबटाबरोबर डांबराचाही वास लागला. उदबत्ती लावून टपात ठेवली, तर तळाशी एक तपकिरी डाग पडला, तो शेवटपर्यंत होता. प्रत्येक औषध घातलं की झाकण घट्ट लावून कव्हर बांधायचो. म्हटलं, मुरू दे.

मुरलं ते माझ्या खाकीत. आता हा वास कसला होता ते लक्षात घ्या. आंबलेल्या धान्याचा. आंबलेल्या धान्याचं काय करतात हे पॉवर हाऊसमधल्या पोरांना चांगलं ठाऊक होतं. मी जन्मात दारूला शिवलो नव्हतो. पगाराच्या दिवशी बाकीचे जिथं जायचे तिथं न जाता मी जिलबीचा पुडा घेऊन घरी यायचो, आणि येता-जाता त्यांना चार शब्द सुनवायचो. आता ती पोरं ती उधारी फेडायला लागली. कँटीनमध्ये एकजण म्हणाला, मामा, भट्टी घरीच लावली का? दुसरा म्हणाला, मामा एकटेच पितात, म्हणून आपल्याला कधी दिसले नाहीत. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली.

एका शनिवारी पाळीच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण माणूस सभ्य. त्यांनी मला बसवलं आणि खिडकी उघडली.

"मामा, मी तुम्हाला ओळखतो. पण असा वास येणारा माणूस मला पट्ट्यावर उभा करता येत नाही. सोमवारी दुपारच्या पाळीला असेच आलात तर गेटवरूनच परत पाठवीन."

मी म्हणालो, "साहेब, कुरडयांचा वास आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. अशी नवी सबब त्यांनी कधी ऐकली नव्हती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी दुसरी खिडकीही उघडली.

घरी आलो आणि पाना काढला. बायको म्हणाली, मेकॅनिक बोलवा. मी तिच्याकडं नुसतं बघितलं. मागचं पत्र्याचं झाकण खोललं, आत मोटर आणि पट्टा, वास नाही. म्हणजे वास पिळायच्या टपातल्या फिरत्या डब्याभोवतीच्या फटीत. फटीत हात घातला. मनगटापर्यंत गेला आणि तिथं बसला. कोळशाच्या कामानं तळहात असा रुंद झालेला, पुढं जाईना, मागं येईना. बायकोनं साबण लावून ओढून काढला. सगळं परत बसवलं तेव्हा एक बोल्ट उरला. मी तो खिशात टाकला. म्हटलं, जास्तीचाच होता.

तेव्हा बायको म्हणाली, "लोणचं संपलं की मी बरणी कशी धुते? गरम पाण्यानं धुते, आन् तोंड उघडं ठेवून उन्हात मांडते. तुम्ही याचं तोंड बांधून ठेवता, वर लुगडं नेसवता. वास येणार नाय तर काय?"

मी म्हटलं, "बरणीला मोटर नसते."

त्यावर ती मशीनकडं बघत हातातल्या बांगड्या मागं सारायला लागली. ती बांगड्या मागं सारते तेव्हा सावध राहावं, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नव्हतं.

रविवारी सकाळीच मी वासावरचं औषध शोधायला द्वारकेला गेलो. या दुकानातून त्या दुकानात फिरलो. एकानं ढेकणाचं औषध दिलं, एकानं अत्तर दाखवलं. हात हलवत परत आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बघतो तर माझं मशीन मागच्या अंगणात, दगडाशेजारी, दोन्ही झाकणं आ वासून उन्हात उभं. नळी काढून दोरीवर पडवळासारखी टांगलेली. कव्हराच्या फाडून चिंध्या केलेल्या. आणि एका वर्तमानपत्रावर ओला, काळपट, ओंजळभर गव्हाचा चोथा, वाळवणासारखा पसरून ठेवलेला. मी बघावा म्हणून.

बायकोनं बंबातलं पाणी हाताला सोसवेल इतपत गरम घेतलं होतं. त्यात धुण्याचा सोडा घालून मशीन रिकामंच फिरवलं, मग पिळलेल्या लिंबांच्या साली घालून पुन्हा फिरवलं. बांगड्या काढून फटीत कोपरापर्यंत हात घातला आणि चोथा बाहेर ओढला. जिथं हात पुरेना तिथं खराट्याच्या काडीला चिंधी बांधून फिरवली. बटणं कशी फिरवायची हे तिला कुणी शिकवलं? स्टुलावर बसून सगळं पाहिलं होतं की.

अंगणात माणसं जमली होती. मी पुढं होऊन टपात डोकं घातलं. हुंगलं. दुसऱ्या टपात घातलं. तिथंही हुंगलं. उन्हाचा वास होता, लिंबाचा थोडा. बाकी काही नाही. डोकं बाहेर काढायला मी जरा वेळ लावला, कारण बाहेर सगळे थांबले होते.

बायको जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मी काय दुसरी हाय का? घरचाच हात. तुमचा शब्द मोडला नाय."

आक्काही म्हणाल्या, "माझा धरू नका, मी नुसत्या बादल्या दिल्या."

दोघींनी दार उघडून दिलं होतं, मला फक्त बाहेर पडायचं होतं. पण साहेबाला मी खरं सांगितलं होतं आणि ते खोटं ठरलं होतं. आता चारचौघांत दिलेला शब्दही मी खोटा केला असता, तर माझ्याजवळ खरं असं काय उरलं असतं? मी चुकलो असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. कुरडयांची कल्पना चांगलीच होती, धोतर जुनं होतं. पण शब्द तो शब्द.

"दुसऱ्याचा म्हणजे दुसऱ्याचा," मी म्हणालो. "तुझा हात माझा नाही."

"मग आता मशीन कोणी चालवायचं?" तिनं विचारलं.

"ज्याचा हात आत जातो त्यानं," मी म्हणालो, आणि खिशातला बोल्ट काढून तिच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी मी दुपारच्या पाळीला घालायचा खाकी शर्ट आणि विजार घेऊन अंगणात गेलो. बिल्डिंगीतली झाडून सगळी माणसं कुणी दात घासत, कुणी नुसतीच, गॅलऱ्यांत उभी होती. आक्का चहाची बशी घेऊन बसल्या होत्या. मी पायजमा गुडघ्यापर्यंत खोचला, कपडे भिजवले, साबण लावला आणि दगडावर आपटायला लागलो. दुसऱ्याच आपटीला शर्टाचं एक बटण उडून नळापाशी गेलं. कुणी हसलं नाही, त्याचा मला जास्त राग आला. कॉलर घासली, बाह्या घासल्या, खिसे उलटे करून घासले. सगळं पिळून खांद्यावर टाकलं आणि दोरीकडं निघालो, तर गॅलरीतून आवाज आला.

"भाऊ, विजारीचे पाय राह्यले."

मी परत दगडापाशी गेलो आणि विजारीचे पाय घासले.