गार पडलेले कान

नंदे,

कऱ्हाड स्टेशनावर मला सोडायला आई आली होती आणि तू तिच्या पदराला धरून उभी होतीस. आठवतं का बघ. फलाटावर जो तो मला धीर देत होता आणि आई माझा कान चाचपत होती. माणूस असो की म्हैस, तब्येत बघायची तर आई आधी कान बघायची. "गार पडल्यात की गं कान," ती म्हणाली. "भ्या वाटतंय? वाटू दे. पर हात मागं घेऊ नगंस."

हे तिचं गोठ्यातलंच बोलणं. म्हैस अडली की रेडकाचे पाय मला धरायला लावायची आणि हेच म्हणायची.

परवा तुझी स्वाती फोनवर विचारत होती, मावशी, तू नर्सिंगला गेलीस तेव्हा तुला भीती वाटली होती का? तीही आता नर्सिंगला जायला बॅग भरतेय. मी नुसतं "हो तर" म्हणून फोन ठेवला. मग वाटलं, नीट लिहावं. तूही वाच, तिलाही दे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. दादाची पलटण जयपूरला होती, तिथल्या नर्सिंगच्या शाळेत मला जागा मिळाली. सवाई माधोपूरला गाडी बदलून लहान रुळाच्या गाडीत बसलो. बाहेर खुरटी झुडपं आणि भुरी माती. दादा निवांत शेंगा सोलत होता आणि मी सारखा माझा कान चाचपून बघत होते. हिंदी येत होती ती पुस्तकातली. तिथली माणसं बोलायला लागली की मी नुसती मान हलवायची. आता बघ, बोलता बोलता "मतलब" येतं आणि तू हसतेस.

होस्टेलवर पहिले काही महिने प्रोबेशन. जमलं नाही तर घरी पाठवणार. घरी माझं काय होणार ते मला पक्कं ठाऊक होतं. तासगावचं ते स्थळ टपूनच बसलं होतं. त्यामुळे मला दोन्हीकडून भीती. वॉर्डात जायची भीती आणि वॉर्डातून काढतील याचीही भीती.

आमच्या ट्यूटर सिस्टर केरळच्या. त्यांचा एकच धडा, रोज तोच. पेशंटजवळ गेलं की आधी बघायचं, मग विचारायचं, मग हात लावायचा, आणि लिहायचं सगळ्यात शेवटी. चेहऱ्याचा रंग, ओठ, नखं बघा. कसं वाटतंय ते पेशंटच्या तोंडून ऐका. मनगटावर नाडी बघा. ऐकायला किती सोपं! मी बाळंतिणींच्या वॉर्डात गेले आणि सगळं मुसळ केरात. बायका सासूपुढं घुंघट काढून निजलेल्या, चेहरा कुठला दिसायला? काही विचारावं तर उत्तर सासू देणार. नखं मेंदीनं रंगलेली. मनगटावर कोपरापर्यंत लाखेचा चुडा. रोज ड्यूटीवर जाताना मला वाटायचं, आज माझ्या हातून कुणीतरी मरणार.

एका दुपारी खिडकीजवळच्या खाटेवर सकाळीच बाळंत झालेली एक मुलगी होती. तिचं नाव केसर. तिची नाडी बघायला मला पाठवलं. सासू बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. बाई काही वाईट नव्हती हो. "बींदणी सो रही है, सोने दो," म्हणाली. बींदणी म्हणजे सूनबाई. मी चुड्याला हात लावला तर म्हणाली, चुडा सरकवायचा नाही, अपशकुन होतो. मी परत फिरले. शेजारच्या खाटेकडं गेलेसुद्धा. पण माझा पाय निघेना. झोपलेलं माणूस इतकं गप्प नसतं. पांघरुणाची हालचाल बारीक आणि भराभर होत होती.

नंदे, त्या वेळी मला केसरची जेवढी काळजी वाटली तेवढीच मॅट्रनची भीती वाटली. सासूनं आरडाओरड केली आणि मुलगी खरंच झोपलेली निघाली, तर माझी ट्रंक त्याच संध्याकाळी बाहेर. काय करावं सुचेना. आणि सुचलं ते काय, तर आई! मी मागं फिरले आणि सरळ घुंघटाखाली हात घालून तिचा कान धरला.

कान गार. नुसता गार नाही, घामानं ओला. तसाच हात खाली मानेवर नेला. नाडी बारीक आणि सुसाट पळत होती. सासू उठून उभी राहिली, काहीतरी जोरात बोलली. मी पांघरूण ओढलं. खालची सगळी गादी रक्तानं भिजलेली होती.

हिंदी कुठली सुचतेय! मी मराठीतच ओरडले, "अहो सिस्टर, रक्त चाललंय हिचं!" शब्द कुणाला कळले नसतील, पण ट्यूटर सिस्टर धावत आल्या. खाटेच्या पायथ्याखाली विटा सरकवल्या, सलाईन लागलं, इंजेक्शन झालं, डॉक्टरीणबाईंना निरोप गेला. सिस्टरनी माझा हात धरून केसरच्या पोटावर दाबला, बेंबीखाली कसं चोळायचं ते दाखवलं. आत गर्भाशय ढिलं पडलं होतं, ते घट्ट झाल्याशिवाय रक्त थांबणार नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "हाथ मत हटाना।"

मी हात हटवला नाही. पण काय सांगू, अख्खी मी थरथरत होते. रडतही होते. मधे कधीतरी सासू माझ्या मागं येऊन उभी राहिली, बाळाला छातीशी धरून, आणि तीही रडायला लागली. बऱ्याच वेळानं हाताखाली ते पोट हळूहळू कडक व्हायला लागलं. सिस्टर पुढं बरंच काही सांगत होत्या, त्यातलं मला काही ऐकू आलं नाही.

दोन-तीन दिवसांनी सासू चहाला खाली गेली तेव्हा केसरनं मला खुणेनं बोलावलं आणि घुंघट वर केला. अगं, किती लहान पोर ती! माझ्याहूनही लहान. तिनं विचारलं, "सिस्टरजी, आपका पीहर कहाँ है?" म्हणजे माहेर. मी म्हटलं, खूप लांब, दोन गाड्या बदलून. तीही लांबूनच आलेली, आमेरच्या पलीकडून कुठूनतरी बसनं, आणि सासरी येऊन वर्षही झालं नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, "आपका हाथ बहुत काँप रहा था। पर हटा नहीं।"

मी तिची नाडी बघितली. चुडा तिनं स्वतःच वर सरकवून दिला.

स्वातीला सांग, भीती जात नाही. पुढं मी सिस्टर झाले, पोरींना शिकवायला लागले, इथंच जयपुरात, सोडाल्यात घर केलं, तरी नव्या पेशंटच्या खाटेजवळ जाताना माझे कान गार पडायचेच. मीच ती जाऊ दिली नाही, असंही म्हण; तीच मला मागं फिरून दुसऱ्यांदा बघायला लावायची.

मागच्या खेपेला गावी आले तेव्हा आईला दिसेनासं झालं होतं. तू "आक्का आलीय" म्हणालीस तरी तिची खात्री पटेना. हात चाचपत तिनं माझा कान शोधला, धरून ठेवला, आणि म्हणाली, "ऊन हाय. बरी हाय माझी लेक."

घर म्हणजे काय ते मला तेवढंच कळतं, नंदे. स्वातीला गाडीत बसवशील तेव्हा तिचा कान तेवढा बघ.

तुझी,
आक्का