वेलचीचा वास लागलेलं पिंप

बायको हेल्मी वारल्यापासून आर्विड कांगसची बिअर सलग दोन उन्हाळे चुकली. नासली नव्हती, पण हेल्मीची नव्हती. जूनमध्ये युहान्नुसच्या सणाला शेकोटी पेटली की सगळी गल्ली कांगसांच्या अंगणात जमायची, ती राय नावाचं धान्य, ज्युनिपरच्या झुडपाच्या फांद्या आणि वेलची घातलेल्या बिअरसाठी. वेलची काय, गावात सगळेच पावात घालत. बिअरमध्ये घालणारी एकटी हेल्मी.

आर्विड त्या बिअरला आयुष्यभर "आमची बिअर" म्हणत आला. त्याचं काम पाणी तापवायचं, हंडे उचलायचे आणि पाहुण्यांसमोर भाव खायचा. हेल्मी स्वयंपाकघरातून फडक्याची पुरचुंडी आणून उकळत्या हंड्यात सोडायची. पुरचुंडीत वेलची असते एवढं त्याला माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं आहे असं त्याला वाटायचं.

दोन्ही वर्षी पहिला ग्लास वाइनोनं घेतला. वाइनो शेजारी, शाळेपासूनचा दोस्त.

"हुबेहूब हेल्मीची," तो म्हणायचा.

"नाही रे, काहीतरी कमी आहे."

"मग बाटल्यांचा दोष असेल लेका. स्टीलची पिंपं घे. जुनी मिळतात स्वस्तात."

यंदा काहीही करून तिची चव आणायचीच, असं आर्विडनं मनाशी धरलं होतं. सरोवराच्या पलीकडच्या अंगाला एक छोटी ब्रुअरी बंद होत होती. तो ट्रक घेऊन तिथे गेला.

जुनं पिंप घेताना झाकण उघडून आधी नाक घालायचं असतं. आत पूर्वी जे होतं ते रबरी रिंगांत मुरून बसतं, कितीही धुवा. पहिलं पिंप आंबूस निघालं, दुसरं ठीक. तिसऱ्यात त्यानं नाक घातलं ते काढलंच नाही. ज्युनिपर, आणि त्यामागून धुरकट, करपल्यासारखी वेलची. बिअर करायच्या दिवशी हेल्मीच्या एप्रनला यायचा तोच वास.

"ते नका घेऊ आजोबा," मालकीण रोवेना म्हणाली. "रिंगा बदलल्याशिवाय वास जायचा नाही. आमची सणाची बिअर होती ती. तुमच्याच बाजूच्या वाइनो आजोबांनी शिकवलेली. दरवर्षी येऊन वेलची स्वतः भाजायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

"भाजायचे?"

"सालासकट, कोरड्या तव्यावर, पार काळी होईपर्यंत."

आर्विडनं तेच पिंप घेतलं.

वाइनो अंगणात सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, भट्टीसाठी लाकडं रचत होता. आर्विडनं पिंप त्याच्यासमोर ठेवून झाकण काढलं.

"हुंग."

वाइनोनं हुंगलं आणि तो लाकडांवरच बसला. "हेल्मीनंच सांगितलं मला," तो म्हणाला. "विकायला नव्हतं सांगितलं, ते माझं मी केलं. पण मी तिला विचारलं होतं, आर्विड. तू कधी विचारलंस?"

हे बरोबर वर्मी बसलं. खरंच, विचारलं नव्हतं. बायकोनं सांगितलं नाही म्हणून चिडावं, तर चिडायला ती नव्हती आणि तोंडही नव्हतं.

"नाही विचारलं," आर्विड म्हणाला. "पण तिच्यामागे मी चाचपडत होतो, ते तू बघत होतास. माझ्या अंगणात बसून, माझा ग्लास हातात घेऊन हुबेहूब म्हणालास. वर बाटल्यांना दोष दिलास."

"तुझा चेहरा बघून धीर झाला नाही रे. उद्या येतो, भाजून देतो."

"नको."

घरी येऊन त्यानं पिंपाच्या सगळ्या रिंगा काढून कचऱ्यात टाकल्या आणि नव्या बसवल्या. वेलची कशी भाजायची ते आता कळलं होतं, पण हेल्मीला विचारून नव्हे. त्यानं ती कच्चीच घातली, गेल्या दोन वर्षांसारखी.

युहान्नुसला शेकोटीपाशी वाइनोची खुर्ची मांडलेली नव्हती. पहिला ग्लास आर्विडनं स्वतः घेतला.

"कशी झालीय?" कुणीतरी विचारलं.

"चुकलीय," तो म्हणाला, आणि विचारणाऱ्याचा ग्लास भरला.