दार थोडं उचलून

माझ्या कुलपामुळे एका मुलीचा पेपर हुकला. प्रोजेक्टच्या अहवालात हे वाक्य कुठेच नाही, म्हणून इथे लिहिते आहे. नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

मी अमरावतीला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अडलं तर घरी विचारायला कोणी नव्हतं आणि सरांना विचारायला जीभ उचलत नसे. आम्हा तिघींचा प्रोजेक्ट होता कार्ड लावून उघडणाऱ्या कुलपाचा. सर्किट आणि मोबाइलचं काम दोघींनी घेतलं, मोटर निवडायचं माझ्याकडे आलं. सरांच्या ओळखीचं अकोल्यात मुलींचं वसतिगृह होतं. तिथल्या बारा खोल्यांना आमची कुलपं लावायची परवानगी त्यांनी मिळवून दिली. म्हणाले, "टेबलावर चालणारं कुलूप सगळेच बनवतात. दारावर चालवून दाखवा."

राजापेठेत माझ्या खोलीपासून जवळच मोटरी दुरुस्त करणाऱ्या एका चाचांचं दुकान होतं. मी मोबाइलवर मोटरींचे फोटो दाखवले. त्यांनी मोबाइल न घेता डब्यातून दोन मोटरी काढून माझ्या हातावर ठेवल्या. दोन्ही अंगठ्याएवढ्या, अगदी सारख्या.

"दिसाले जुळ्या बहिनी," चाचा म्हणाले. "पन ही घाईची, आन ही जोराची. घाईची फटकन फिरते. जोराची हळू फिरते, पन अडत नाही. दोन्ही गुन एकाच मोटरीत मांगू नको बेटा. नवऱ्यात बी भेटत नाही."

मी म्हटलं, "पण चाचा, कागदावर जोर लिहिला आहे. घाईच्या मोटरीचाही आम्हाला पुरतो."

"तो जोर मोटर मरता मरता लावते. रोज मरनार हाये काय ते?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. कागदावरचा मोठा आकडा मोटर पूर्ण अडून थांबते त्या क्षणाचा असतो, आणि तोही नव्या सेलवरचा. रोजचं काम त्याच्या बऱ्याच खाली धरायचं. "उतरलेल्या सेलवर चालवून पाह्य. आन टेबलावर नाही, दारावर पाह्य," एवढं सांगून ते आपल्या कामाला लागले.

मी दोन्ही मोटरी नेल्या. जोराच्या मोटरीला कुलपाचा खटका मागे ओढायला तीनेक सेकंद लागत. एक मैत्रीण म्हणाली, "इतक्या वेळात मी खिडकीतून आत जाऊन चहा मांडीन." आम्ही हसलो. मलाही घाईची मोटरच आवडली होती. कार्ड लावलं की टक्कन उघडायची, खऱ्या विकतच्या कुलपासारखी. तरी मी चाचांचं ऐकलं. अकोल्याला गेले, रेडिओतले वापरलेले सेल घेऊन. बाराही दारांवर घाईची मोटर लावून प्रत्येक दार वीस वेळा उघडलं. एकदाही अडली नाही. तेव्हा कुठे बाकीच्या मोटरी मागवल्या, एकाच दुकानातून, एकाच खेपेच्या, म्हणजे फरक नको. मला वाटलं, मी सगळं बरोबर केलं.

दीड महिना एकही तक्रार आली नाही.

मग एका सोमवारी वसतिगृहाच्या काकूंचा फोन आला. आदल्या दिवशी सकाळी सात नंबरच्या खोलीतली मुलगी अंघोळ करून आली, तर दार उघडेना. तिचं प्रवेशपत्र, आधार कार्ड, कपडे सगळं आत. कार्डाशिवाय कुलूप उघडणारी किल्ली काकूंच्या कमरेला, आणि काकू भाजी आणायला गेलेल्या. त्यांचा फोन स्वयंपाकघरात वाजत राहिला. त्या परत आल्या, दार उघडलं, मुलगी धावत गेली, तोवर परीक्षा केंद्राचं फाटक बंद झालं होतं. वनरक्षकाची परीक्षा होती. मुलगी धारणीकडची, डोंगरातली. शिकायला मामानं तिला अकोल्यात एक वर्ष ठेवलं होतं, आणि ते वर्ष या पेपरासोबत संपणार होतं.

मी पहिल्या बसने अकोला गाठलं. वाटेत सारखं वाटत होतं की मोटर जळली असेल, दाते झिजले असतील, एखादी तार सुटली असेल. काहीतरी तुटलेलं सापडावं, असं मला मनापासून वाटत होतं.

सात नंबरच्या दाराशी ती उभी होती. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा बुटकी. मी तिचं कार्ड घेतलं, कुलपाला लावलं. टक्कन उघडलं. पुन्हा बंद केलं, पुन्हा लावलं. उघडलं. सेल उतरले होते हे आवाजावरून कळत होतं, पण उघडत होतं. चार वेळा, पाच वेळा.

काकू म्हणाल्या, "घ्या. आता कसं उघडून राहिलं? पोरी, तू कार्ड उलटं तं नव्हतं धरलं?"

मुलगी माझ्या हाताकडे बघत होती. उजव्या नाही, डाव्या.

"ताई," ती म्हणाली, "तुमी दार उचलून राहिल्या."

मी खाली पाहिलं. माझा डावा हात हँडलला होता आणि दार किंचित वर धरलेलं होतं. मी हात सोडला. कार्ड लावलं. मोटर बारीक कण्हली आणि थांबली. खटका चौकटीच्या भोकात घासून अडकला होता.

चांदूर रेल्वेच्या पुढे आमचं गाव आहे. आमच्या घराचं दार खाली उतरलेलं आहे. शेजाऱ्यांचंही, आणि वसतिगृहातली ही दारंही तशीच. कडी काढताना दार थोडं उचलायचं असतं, हे मी कधी शिकले ते मला आठवत नाही. बारा दारं, प्रत्येकी वीस वेळा, मी उचलूनच उघडली होती. मोटरीवर दाराचा भार कधी आलाच नव्हता. तो मी घेतला होता. वसतिगृहातल्या बाकीच्या मुलीही माझ्यासारख्याच गावांतल्या. त्याही उचलत असणार, नकळत. म्हणून दीड महिना तक्रार नव्हती.

"तुला आधी कधी अडलं नव्हतं?" मी विचारलं.

"अडे कधी कधी. दोनदा, तीनदा कार्ड लावत होते. वाटलं, मलेच जमत नाही." मग म्हणाली, "आमच्या घरी बांबूच्या ताटीचं दार आहे. दोरी सोडली का उघडते. उचला लागते म्हणून मले कोणी सांगितलं नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी राग शोधत होते. सॉरी म्हटलं, तर तिने "हो" म्हटलं. आत पलंगावर तिची बॅग भरलेली होती. मामा दुपारी येणार होता. मी म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा जागा निघतील. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तकं दोरीने बांधायला लागली. गाठ मारायला मी बोट धरलं. तेवढंच मला करता आलं.

पुढे बाराही कुलपांत जोराच्या मोटरी बसवल्या. हळू उघडतात, पण दारं उचलली काय, न उचलली काय, उघडतात. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "मोटर एवढी हळू का?" मी म्हटलं, "भार जास्त आहे, सर." त्यांनी मान हलवली. गुण चांगले पडले. अहवालात 'आलेल्या अडचणी' खाली मी लिहिलं, 'दाराच्या भाराचा अंदाज सुरुवातीला चुकला.' सरांनी त्यावर बरोबरची खूण केली.

काकूंकडून तिचा नंबर घेतला होता. तीनदा लावला. तिन्ही वेळा संपर्क क्षेत्राबाहेर. तिच्या गावात रेंज नसेल, किंवा तो फोनही मामाचाच असेल. चौथ्यांदा लावला नाही. लागला असता तर काय बोलले असते?

निकालानंतर घरी गेले. दार लावलेलं होतं. मी मुद्दाम हात सैल सोडून कडी ओढून पाहिली. निघाली नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा ओढली.

मागच्या आवारातून आई म्हणाली, "काय करून राहिली व तिथं? उचल ना दार."

मी उचललं.