सासऱ्यांच्या नावावरचं पिस्तूल

आमच्या सासऱ्यांनी इतक्या वर्षांत माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि ते पिस्तूल निघालं. बाकीच्यांचे सासरे गुडघ्याचं मलम मागतात.

सासरे फौजेत हत्यारं दुरुस्त करायचे. साहेब लोकांची पिस्तुलं उघडायची, साफ करायची, जोडायची आणि परत द्यायची, यात त्यांची नोकरी संपली. स्वतःचं असं एकही कधी नव्हतं. सासूबाई गेल्यावर बायकोने त्यांना इकडे टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला आणलं, ग्रीन कार्डही झालं. एकदा चहा पिताना म्हणाले, "इथं जुनी फौजी पिस्तुलं विकत मिळतात म्हणे. मी हाताळायचो त्यातलं एखादं मिळालं, तर बघायला आवडेल."

'बघायला' म्हणजे काय, हे कळण्याइतका मी मुरलेला जावई आहे.

बायकोने विचार करायला दोन दिवस घेतले आणि मग अटी सांगितल्या. घरात एकही गोळी येणार नाही. पिस्तूल कुलपात राहील. "आणि तू त्याला हात लावायचा नाहीस."

तिसरी अट मनाला लागली, पण वाद घालता येईना. नळाचा वॉशर बदलायला गेलो तेव्हा खालच्या खोलीचं सीलिंग मी खाली आणलं होतं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं बंदुकांच्या प्रदर्शनाला गेलो. ज्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचं हळदीकुंकू झालं होतं, तोच हॉल. तिळगूळ ठेवला होता त्या टेबलांवर आता महायुद्धातली पिस्तुलं मांडली होती. सासऱ्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुलगी बघायला निघाल्यासारखे दिसत होते, आणि पुढचा तासभर वागलेही तसेच.

एका मोठ्या दाढीवाल्याच्या टेबलावर त्यांना हवं होतं त्या जातीची तीन पिस्तुलं होती. मी लगेच सगळ्यात चकचकीत ते उचललं. "बाबा, हे बघा, कोरं करकरीत."

"आधी बोट काढा घोड्यावरून," सासरे म्हणाले. मी काढलं. दाढीवाल्याने सुटकेचा निःश्वास टाकला. सासऱ्यांनी पिस्तूल माझ्या हातून घेतलं, आत गोळी नाही याची खात्री केली आणि उजेडाकडे वळवलं. "कोरं नाही, कोरं केलंय. या कडा बघा, पॉलिशच्या चाकावर धरून गोल झाल्यात. अक्षरंसुद्धा अर्धी पुसली."

दुसरं मला दिसायला ठीक वाटलं. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि तीन ठिकाणचे नंबर वाचले. "वरचा भाग एका पिस्तुलाचा, खालचा दुसऱ्याचा. पत्रिका जुळत नाही."

"पण चालतंय ना?"

"चालायला काय, तुमचंही चाललंय की."

तिसरं काळपट तपकिरी होतं. मुठीच्या लाकडाला एक टवका गेलेला. माझी त्याच्यावर नजरही ठरली नसती. सासऱ्यांनी नळी सुटी करून तिच्यातून ट्यूबलाइटकडे पाहिलं, परत बसवली, नंबर वाचले, परत वाचले. पुढचा भाग कुठे आहे ते त्यांच्या हाताला शोधावं लागत नव्हतं.

"हे," ते म्हणाले. "हे कोणी सुधारलेलं नाही."

दाढीवाला खूश झाला. इंग्रजीत म्हणाला, "सरांना कळतं." त्याने माझ्यापुढे सरकारी फॉर्म ठेवला, मी क्रेडिट कार्ड काढलं आणि घोळ सुरू झाला.

सासऱ्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून पाकीट काढून माझ्या हातात कोंबलं. पेन्शनमधून साठवून, डॉलर करून आणलेले पैसे. मी ते परत कोंबलं. त्यांनी माझ्या जॅकेटच्या खिशात घातलं. "बाबा, असं काय करता!" "तुम्ही गप्प बसा हो!" हॉटेलात बिल आल्यावर आपल्याकडे जी कुस्ती होते, तीच, फक्त मधे पिस्तूल. शेवटी मी हरलो आणि त्यांच्याच नोटा टेबलावर ठेवल्या.

दाढीवाल्याचा चेहरा बदलला होता. "हे कोणासाठी घेताय?"

"यांच्यासाठी," मी अभिमानाने सांगितलं.

त्याने फॉर्म ओढून घेतला आणि पिस्तूल पेटीत ठेवलं. खरा खरेदीदार तुम्हीच आहात का, असा प्रश्न त्या फॉर्मवर असतो. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्यासाठी, आपल्या नावावर हत्यार घेणं हा इथे गुन्हा आहे. मी फॉर्म वाचला नव्हता. न वाचता 'मान्य' करायची माझी वीस वर्षांची सवय. त्याने शांतपणे समजावलं, "स्वतःच्या पैशाने भेट दिलीत तर चालतं, पण आज मी जे पाहिलं त्यानंतर आज नाही." दुकानाचं कार्ड मात्र हातात दिलं.

गाडीत मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात मी माझ्या पैशाने घेतो, बाबा. भेट म्हणून."

"जावयाच्या पैशानं नको. मुलीच्या घरी राहतो, तेवढं पुष्कळ झालं." त्यांनी नोटा मोजून परत पाकिटात घातल्या. "या देशात माझ्या नावावर काय आहे हो? फोन तुमच्या नावावर. डॉक्टरकडे गेलो तर तिथली पोरगी तुम्हाला विचारते, हे कसे आहेत. मी समोर बसलेला असतो."

खरं होतं. ती पोरगी विचारते आणि मी सांगतो. नीट, सविस्तर सांगतो.

घरी पोचल्यावर दुकानात फोन केला. दाढीवाला म्हणाला, ग्रीन कार्ड आहे, टेक्सासचं ओळखपत्र आहे, तर सरांना स्वतः येऊन घेऊ द्या की. "पण तुम्ही बाहेर थांबायचं."

मंगळवारी मी दुकानाच्या काचेबाहेर थांबलो. आत सासरे चष्मा लावून फॉर्म भरत होते. एकेका ओळीवर बोट ठेवून, मग दाढीवाल्याला विचारून. पत्ता मात्र कोणाला न विचारता लिहिला. चालताना वाट चुकलात तर म्हणून आम्हीच तो त्यांच्याकडून पाठ करून घेतला होता. नंतर दाढीवाल्याने चौकशीसाठी फोन लावला. या माणसाला हत्यार द्यावं की नाही, हे सरकार ठरवणार होतं. सासरे काउंटरसमोर सरळ उभे राहिले. खुर्ची दिली होती, तरी. मी बाहेर घड्याळ बघत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटत होतं, की माझ्या सासऱ्यांना कोणीतरी पास करावं.

दाढीवाल्याने फोन ठेवला आणि हात पुढे केला. सासऱ्यांनी तो दोन्ही हातांत धरला.

बाहेर आले तेव्हा मी पेटी घ्यायला पुढे झालो. त्यांनी ती दुसऱ्या बगलेत घेतली आणि पावती माझ्यापुढे धरली. "वाचा."

"सगळी?"

"फक्त वरचं."

मी त्यांचं पूर्ण नाव वाचलं, मधलं वडिलांचं नाव धरून. खाली आमच्या घराचा पत्ता. पार्किंगमध्ये उभे राहून त्यांनी ते परत एकदा वाचायला लावलं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "काय रे, झालं का?" सासऱ्यांनी माझ्या हातून फोन घेतला.

"त्यांना काय विचारतेस? त्यांना आत घेतलं नव्हतं."