दत्तूदादाची हरणी

फोन दत्तूदादाच्याच नंबरवरून आला होता. त्यामुळे नेहमीसारखं उचलल्या उचलल्या मी म्हटलं, "बोला शिकारी! आज कुठला माळ तुडवला?" पलीकडून कुणीतरी नाक ओढल्याचं ऐकू आलं आणि... "आत्या, मी रेखा बोलतेय. बापू गेले." रेखा ही त्याची एकुलती एक लेक; खबर मिळताच गावी पोचली होती आणि बापाच्याच फोनवरून सगळ्यांना कळवत होती. उदगीरजवळच्या आमच्या आजोळी, रोजच्यासारखा सकाळी कुत्रीला घेऊन माळावर गेलेला दत्तूदादा एका धोंड्याला टेकून बसला तो पुन्हा उठला नाही. नांदेडहून निघाल्यापासून गाडीत मला माझीच लाज वाटत होती. पोरीला बाप गेल्याचं सांगायचं होतं आणि आत्याबाई थट्टा करत होत्या. पण खरं सांगू का, ही गोष्ट दत्तूदादाला सांगता आली असती तर तो पोट धरून हसला असता. नेमका तोच आता ऐकायला नाही. याला महिना होऊन गेला, तरी हे काही पचत नाही.

दत्तूदादा माझा मामेभाऊ, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. सुट्ट्यांमध्ये आजोळी गेलं की तो आणि त्याची कुत्री हाच आमचा सिनेमा. कुत्री साधीसुधी नव्हेत, कारवानी. लांब पाय, पाठीला बाक, पोट असं आत गेलेलं की नवीन पाहुणा हमखास विचारायचा, "कुत्र्याला खाऊ घालता का न्हाई?" त्यावर दादा चिडायचा. त्याच्या घरात पहिली दूध-भाकरी कुत्र्यांना मिळायची, मग माणसांना. गावामागचा माळ म्हणजे नुसते काळे धोंडे, कुसळं, तरवडाची झुडपं आणि मधूनच पायाखालची जमीन पळवणाऱ्या घळी. थंडीच्या सकाळी तिथं झुडपं बडवत जायचं, ससा उठायचा आणि चढाकडे सुसाट निघायचा. सपाटीवर कुत्रं जिंकायचं, चढावर ससा. धोंड्यांत वळणं घेणारा ससा आणि त्याच्यामागं जमिनीला पोट लावून जाणारं कुत्रं, हे ज्यानं पाहिलंय त्याला नजर वळवता येत नाही, मग त्याचं मन कितीही हळवं असो. ससा कपारीत शिरला की मात्र खेळ संपला. काठी घालून त्याला बाहेर काढायचं नाही, हा दादाचा कायदा. "घरात गेल्याला वढून काढायचं न्हाई," तो म्हणायचा. मी सशाच्या बाजूनं ओरडायची. "सुमे, तू सशाकडून हायेस ना? मंग रस्सा मागू नको," असं म्हणून तो मला डिवचायचा, आणि संध्याकाळी रश्श्याची पहिली वाटी मीच ओरपायची. सरकारी कायद्यानं हे सगळं गुन्ह्यात मोडतं हे आम्हाला पुढं शाळा-कॉलेजात गेल्यावर कळलं. दादाला आधीपासून माहीत असावं. गावात सगळेच जायचे, म्हणून तोही जायचा.

माझ्या डोळ्यांत बसलेला दादा म्हणजे ससा उठण्याआधीचा. डोक्याला गुंडाळलेला लांब रुमाल, त्याची दस्ती, सोडून तिचा पीळ करायचा, ती कुत्र्याच्या पट्ट्यातून ओवायची आणि दोन्ही टोकं एका मुठीत धरून चालायचं. गाठ कधीच नाही. ससा उठला की आधी त्याला बांध ओलांडू द्यायचा आणि मग एक टोक सोडून द्यायचं. दस्ती पट्ट्यातून सर्रकन निघायची, कुत्रं मोकळं. ते सोडण्याच्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नाही... हे मी वहिनीसमोरच म्हणायची आणि वहिनी म्हणायची, "हाव, मला म्हाईत हाय."

मग रेखा वनरक्षक झाली. भोकरकडच्या जंगलात नेमणूक झाली, खाकी कपडे मिळाले, आणि दादानं गावभर पेढे वाटले. वाटून झाल्यावर मला फोन करून म्हणाला, "सुमे, आता बापानं ससं मारायचं अन् लेकीनं बापालाच धरायचं, ह्यो काय तमाशा हाय का? बंद म्हंजे बंद." जुने जोडीदार दारात येऊन बसले. तिचं जंगल तिकडं, इथं कोण बघतंय, असं सांगून पाहिलं. त्यानं गुडघ्याचं निमित्त केलं. लेकीच्या नोकरीचं कारण चारचौघांत सांगितलं नाही. दोन कुत्री म्हातारी होती, ती वर्षभरात गेली. राहिली हरणी. तांबूस रंगाची, ऐन भरातली, आणि पळण्यासाठीच जन्मलेली.

त्या वर्षीच्या दिवाळीला मी तिथंच होते. भाऊबीजेचं ओवाळून झालं होतं, रेखा ओट्यावर बसून कुणाशी तरी हसत बोलत होती. तेवढ्यात कधीतरी सुटून गेलेली हरणी अंगणात आली. तोंडात ससा. सरळ दादाच्या पायाशी तो ठेवला आणि शेपूट हलवत उभी राहिली. तिच्या दृष्टीनं तिनं दिवाळीच दिली होती. रेखाचा चेहरा पांढरा पडला. दादा गडबडून म्हणाला, "म्या सोडलं न्हाई तिला. आपल्या मनानं गेली ती." रेखा उठली आणि हळू आवाजात म्हणाली, "बापू, मला काही सांगू नका. उद्या कुणी विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही." आणि आत निघून गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा विश्वासच बसला नव्हता. दादानं फावडं घेतलं, बांधाच्या कडेला खड्डा करून ससा पुरला आणि परत येऊन हात धुतले. जेवला नाही. दुसऱ्या दिवशी रेखा सकाळच्या गाडीनं भोकरला निघून गेली.

त्यानंतर त्यानं हरणीला पुन्हा मोकळं सोडलं नाही. पण कारवानी कुत्रं खुंट्याला बांधून जगत नाही. ती अन्न टाकायला लागली. मी म्हटलं, देऊन टाक कुणाला. तर म्हणाला, "ज्याला देईन त्यो शिकारीलाच नेणार. मंग म्याच सोडल्यावानी झालं की गं." मग या शहाण्यानं काय करावं? साठीला टेकलेला माणूस, गुडघे कुरकुरणारे, रोज सकाळी तिला दस्तीनं धरून माळावर पळायला लागला. तिला पळायचं असतं ना, मग आपणच बरोबर पळायचं! गाव हसलं. लातूरच्या डॉक्टरनं पळायला मनाई केली. संक्रांतीनंतर मी गेले होते, तेव्हा तो पळून आला आणि ओट्यावर बसून किती तरी वेळ त्याला बोलताच येईना. मी ओरडले. वाट्टेल ते बोलले. दम परत आल्यावर तो म्हणाला, "तू काऊन बोंबलालीस? झाली की सवय." मग हरणीची पाठ थोपटत, "रेखा इचारते का गं माझ्याबद्दल?" विचारते, मी म्हटलं. विचारायची ती, खोटं नव्हतं. पण त्याला जे हवं होतं ते ती विचारत नव्हती आणि तो सांगत नव्हता. दोघंही एकाच मातीचे. बोलणी व्हायची ती पावसाची, पगाराची, वहिनीच्या गोळ्यांची. त्या सशाचं नाव कुणी काढत नव्हतं.

मी पोचले तेव्हा त्याला अंगणात ठेवलेलं होतं. ज्या शेजाऱ्यानं त्याला माळावरून आणलं तो सांगत होता. धोंड्याला टेकून बसलेला, झोप लागल्यासारखा, आणि हरणी शेजारी उभी. भुंकली नाही, हलली नाही. हलणार कशी? दस्ती पट्ट्यातून ओवून दोन्ही टोकांची त्यानं आपल्या मनगटाभोवती पक्की गाठ मारली होती. ती सुटेना म्हणून शेवटी विळ्यानं कापावी लागली. जन्मात ज्यानं कधी गाठ मारली नाही त्या माणसाची ती गाठ. मी रेखाकडे पाहिलं. कापलेल्या दस्तीचा तुकडा तिच्याच हातात होता आणि ती त्या गाठीवरून नुसता अंगठा फिरवत होती. रडत नव्हती. मला तिचं रडणं परवडलं असतं.

तेराव्यानंतरच्या सकाळी ती म्हणाली, "आत्या, येता का? हरणीला फिरवून आणू." दोघी निघालो. गाव संपून माळ लागला तशी हरणी पळायला लागली, रेखाही तिच्याबरोबर, आणि मी मागून धापा टाकत. थोडं पुढं जाऊन हरणी थांबली. रेखानं दोरी ओढली, ती हलेना. मान वळवून मागं पाहत उभी राहिली. पायात काटा मोडला असेल म्हणून रेखानं चारही पंजे चाचपले, काही नव्हतं. मग थोड्या वेळानं हरणी आपली आपण निघाली. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. चढ लागला तशी ती फारच लवकर लवकर थांबायला लागली. दहा पावलं गेली की थांब, पुन्हा थोडं गेली की थांब, दर वेळी मान वळवलेली. तिसऱ्या की चौथ्या वेळी रेखाच्या लक्षात आलं. ती एकदम खालीच बसली, कुसळांत. "आत्या... बापूला इतका दम लागत होता?" मी तिच्याशेजारी बसले आणि मानेनंच हो म्हटलं. "एवढ्या ठिकाणी बसावं लागत होतं त्यांना... अन् तरी सोडलं नाही तिला. एकदाबी सोडलं नाही." मग ती जी रडली, ते दिवाळीपासूनचं सगळं रडली. आणि हरणी तशीच उभी, मागं बघत. ती निघेपर्यंत आम्हीही निघालो नाही.

हरणी आता भोकरला असते. वनरक्षकाच्या दारात शिकारी कुत्री कशाला म्हणून लोकांनी नाकं मुरडली. रेखानं त्यांना सांगितलं, "पाळायला मनाई नाही, सोडायला आहे." रोज पहाटे दोघी पळायला जातात. तिकडचा रस्ता डांबरी आहे, सपाट आहे, आणि दादानं तो जन्मात पाहिलेला नाही. तरी हरणी मध्येच थांबते. रेखा तरुण आहे, तिला काही दम लागत नाही, पण तीही थांबते. परवा फोनवर मी म्हटलं, अगं, हळूहळू मोडेल तिची सवय. तर म्हणाली, "नको आत्या. तेवढा वेळ बापू मागून येतायत असं वाटतं."